दोनशे ओळींचं बिल: कोडची गुंतागुंत आणि मेथडची लांबी टूलनं मोजायची रीत

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका छोट्या मशीन शॉपचा बिलिंगचा प्रोग्राम मी सांभाळते. पायथनमध्ये आहे. आधी दोघांनी लिहिला, मग माझ्या गळ्यात पडला. त्यात 'बिल_काढ' नावाचं एक फंक्शन होतं, २१२ ओळींचं. त्याला हात लावायची वेळ आली की मी आधी चहा प्यायला बाहेर पडायची.

फंक्शन एवढं का फुगलं याचं अर्धं उत्तर आमच्या भूगोलात आहे. बेळगावात बसून माल पाठवायचा तर हुबळीचं गिऱ्हाईक राज्यातलं, कोल्हापूरचं दुसऱ्या राज्यातलं, गोव्याचं तिसऱ्या. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे २९ असले तर कर्नाटक, २७ महाराष्ट्र, ३० गोवा. राज्यातल्या राज्यात सीजीएसटी आणि एसजीएसटी, बाहेर आयजीएसटी, आणि सेझमधलं (विशेष आर्थिक क्षेत्रातलं) गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीत असलं तरी कायद्यानं आंतरराज्यच. माल ५०,००० रुपयांच्या वर गेला की ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना. पण जॉबवर्कला (दुसऱ्याकडून काम करून घ्यायला) म्हणून परराज्यात पाठवला तर रकमेची अटच नाही, दोन हजाराच्या मालालाही ई-वे बिल लागतं. यातला प्रत्येक 'पण' म्हणजे कोडमध्ये एक 'इफ'. सात-आठ वर्षांत ते साठत गेले.

असं फंक्शन वाईट आहे हे कळायला टूल लागत नाही. टूल लागतं ते अशी अजून किती आहेत आणि त्यातल्या कुठल्याला आधी हात घालायचा हे ठरवायला. त्यासाठी मी काय काय केलं ते क्रमानं सांगते. माझं काम पायथनचं, पण जावा, जावास्क्रिप्टवाल्यांसाठीही जाता जाता सांगेन. आज्ञा आणि कोड इथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिलेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचे.

आधी एकदा हातानं मोजा

टूल चालवण्याआधी एक फंक्शन कागदावर मोजा. दहा मिनिटं जातात, पण नंतर आकड्याची भीती राहत नाही. आमच्या कर ठरवण्याच्या कोडचा हा सोपा केलेला तुकडा, मराठीत लिहून:

रीत कर_ठरव(बिल, गिऱ्हाईक):
— जर बिल.करमुक्त: परत ०
— जर गिऱ्हाईक.सेझ किंवा गिऱ्हाईक.राज्य != २९: प्रकार = आयजीएसटी
— नाहीतर: प्रकार = सीजीएसटी + एसजीएसटी
— बिलातल्या प्रत्येक ओळीसाठी:
—— जर ओळ.सूट > ०: रक्कम कमी कर
—— करात भर घाल
— परत कर

सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी म्हणजे कोडमधून जाणाऱ्या स्वतंत्र वाटांची संख्या. थॉमस मॅककेब यांनी १९७६ मध्ये ही कल्पना मांडली आणि वरची मर्यादा म्हणून १० हा आकडा सुचवला. मोजायची रीत साधी: सुरुवात १ पासून, मग प्रत्येक फाट्याला एक. वरच्या तुकड्यात १, पहिला 'जर' २, दुसरा 'जर' ३, 'किंवा' ४, फेरा ५, आतला 'जर' ६. 'नाहीतर'ला काही नाही, कारण तो फाटा 'जर'मध्येच धरला गेला. उत्तर ६. व्यवहारात याचा अर्थ असा, की साधारण सहा चाचण्यांत सगळ्या फांद्या एकदा तरी तपासून होतात. आमच्या 'बिल_काढ'चा आकडा ५७ होता, किती चाचण्या लिहाव्या लागतील ते बघा, म्हणजे त्या फंक्शनला एकही चाचणी का नव्हती हेही कळतं.

आता हाच तुकडा कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटीनं मोजा. सोनारक्यूब हे कोड तपासायचं टूल बनवणाऱ्या कंपनीनं हे माप आणलं, आणि त्याचा रोख वाटांवर नाही, वाचणाऱ्याच्या डोक्याला किती ताण पडतो त्यावर आहे. पहिला 'जर' १, दुसरा १, 'किंवा' १, 'नाहीतर' १, फेरा १, पण फेऱ्याच्या आतला 'जर' २, कारण तो एक पायरी आत आहे. बेरीज ७. फरक एकाचाच दिसतो, पण तोच 'जर' चार पायऱ्या आत गेला असता तर एकट्याचे ५ झाले असते. सायक्लोमॅटिकला खोली दिसत नाही, एकाखाली एक ठेवलेले पाच 'जर' आणि एकात एक घुसवलेले पाच 'जर' तिला सारखेच. उलट वीस केसचा सपाट स्विच तिला भयंकर वाटतो, कॉग्निटिव्ह त्याला एकच गुण देते. मला दुसरं माप जास्त पटतं, पण चाचण्यांचा अंदाज बांधायला पहिलंच लागतं. दोन्ही ठेवा.

लिझार्ड चालवा

सुरुवातीला मी लिझार्ड हे कोड मोजायचं टूलच सुचवेन. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट, सी, सी++, गो, पीएचपी अशा बऱ्याच भाषा त्याला वाचता येतात, आणि प्रोजेक्ट बिल्ड होत नसला तरी त्याचं अडत नाही. जुन्या कोडच्या बाबतीत ही मोठी सोय, कारण जुना कोड बऱ्याचदा बिल्डच होत नाही.

पिप इन्स्टॉल लिझार्ड

मग प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन नुसतं 'लिझार्ड' म्हणा. पडदाभर आकडे येतील. घाबरू नका, त्यातल्या अर्ध्या ओळी तुमच्या नसतातच, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधल्या लायब्ररींच्या असतात. म्हणून खरं पहिलं काम म्हणजे गाळणी: 'डॅश एक्स' देऊन 'व्हीएन्व्ह', डेटाबेसच्या मायग्रेशन फायली आणि टूलनं आपोआप बनवलेला कोड वगळा. हे न करता काढलेला कुठलाही आकडा कुणाला दाखवू नका. मी दाखवला होता. मालकांना वाटलं, प्रोग्राम विकत घेतला होता त्याच्या चौपट झालाय.

दर फंक्शनला एक ओळ येते. पहिला स्तंभ एनएलओसी, म्हणजे रिकाम्या ओळी आणि टिपा (कॉमेंट) वगळून उरलेल्या ओळी. दुसरा सीसीएन, आपली सायक्लोमॅटिक. मग टोकन (कोडमधले सुटे शब्द आणि चिन्हं), मग पॅरामीटर (फंक्शनला बाहेरून दिलेल्या किमती) किती, मग लेंग्थ, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंतच्या सगळ्या ओळी, टिपांसकट. शेवटी फंक्शनचं नाव आणि जागा. लांबी म्हणताना एनएलओसी धरायची की लेंग्थ, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. लेंग्थ धरली तर टिपा पुसून आकडा उतरवायचा मोह होतो. आमच्याकडे एकानं खरंच तसं केलं, आणि ई-वे बिलाचा तो जॉबवर्कचा अपवाद समजावणारी एकमेव टीप गेली. मी एनएलओसी धरते.

मर्यादा आपण दिली नाही तर लिझार्ड सीसीएन १५ च्या वरचीच फंक्शनं इशाऱ्यात दाखवतो, आणि लांबीची त्याची मर्यादा १००० ओळी आहे, म्हणजे असून नसल्यासारखी. ती आपण द्यायची:

लिझार्ड -टी सायक्लोमॅटिक_कॉम्प्लेक्सिटी=१० -टी एनएलओसी=५० -ए ६ -डब्ल्यू

यातलं टी मोठ्या लिपीतलं, बाकी लहान. 'डब्ल्यू' दिलं की फक्त मर्यादा मोडणारेच दिसतात. स्प्रेडशीटमध्ये बघायचं असेल तर 'डॅश डॅश सीएसव्ही' देऊन फाइल काढा आणि सीसीएननं उतरत्या क्रमानं लावा. सरासरीकडे ढुंकूनही बघू नका. आमची सरासरी ३ च्या आसपास होती, कारण एक-दोन ओळींची शेकडो फंक्शनं होती. त्यांच्या गर्दीत ५७ चं एक लपून जातं. सगळ्यात मोठा आकडा कुठला आणि मर्यादेबाहेर किती जण आहेत, एवढंच बघा.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलानं ही यादी पहिल्यांदा बघितली तेव्हा विचारलं, "अक्का, बेचाळीस जण मर्यादेबाहेर. आता काय सगळं मोडून परत लिहायचं की काय?" नाही लिहायचं. कसं ते पुढे सांगते.

एका कोडला दोन टूल दोन आकडे देतात

इथे बरेच जण अडखळतात. वरचा तुकडा पायथनच्या रेडॉन या टूलला दिला तर तो ६ म्हणतो, पण फ्लेक८ किंवा रफ या पायथनच्याच टूलमधला मॅककेबचा नियम ५ म्हणेल, कारण 'किंवा' आणि 'आणि' तो मोजत नाही. दोन्ही बरोबर, मोजण्याची व्याख्या वेगळी. वर्कशॉपमध्ये एक भाग दोन वेगळ्या व्हर्नियरनं मोजून कोण खोटं बोलतंय म्हणून भांडत बसत नाहीत, एक ठरवून त्यावरच चालतात. तसंच इथे. टूल बदललं तर जुन्या आकड्यांशी तुलना सोडून द्यायची.

रेडॉन पायथनपुरताच आहे, पण अक्षरी श्रेणी देतो म्हणून अहवालात बरा दिसतो: १ ते ५ ए, ६ ते १० बी, ११ ते २० सी, २१ ते ३० डी, ३१ ते ४० ई आणि त्यापुढे एफ. आमचं 'बिल_काढ' थेट एफमध्ये बसलं असतं.

लांबीच्या बाबतीत तर टूलवाल्यांचं आपसात अजिबात जमत नाही. रूबीचा रुबोकॉप मूळ मांडणीत १० ओळींवरच कुरकुर करतो. जावास्क्रिप्टच्या ईएसलिंटमधला लांबीचा नियम चालू केला तर ५० धरतो, आणि त्याचा गुंतागुंतीचा नियम २०. जावाचा चेकस्टाइल लांबीला १५० पर्यंत गप्प बसतो, पण सायक्लोमॅटिकला १० वरच ओरडतो. पीएमडीचीही सायक्लोमॅटिकची रेघ १०, कॉग्निटिव्हची १५. पायलिंट ओळी मोजतच नाही, वाक्यं मोजतो, ५० पर्यंत, आणि फांद्या १२ पर्यंत. लिनक्स कर्नलच्या लेखननियमांत तर आकडाच नाही. ८० बाय २४ च्या एक-दोन पडद्यांत मावावं एवढंच म्हटलंय, आणि जितकी गुंतागुंत जास्त तितकं फंक्शन आखूड असावं. लांबीबद्दल मी वाचलेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य. सरळ सपाट ९० ओळींचं बिल छापायचं फंक्शन मला चालतं, ३० ओळींत पाच पायऱ्या आत शिरलेलं चालत नाही.

यादी गिटच्या इतिहासाशी ताडून बघा

बेचाळीसपैकी हात कुठे घालायचा? ज्या फायली सारख्या बदलतात तिथे. कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद गिट ठेवतं, तिथूनच हे कळतं. गुंतागुंतीचं पण चार वर्षांत कुणी न उघडलेलं फंक्शन झोपलेलं कुत्रं आहे, झोपू द्या.

गिट लॉग --सिन्स="१ इयर अगो" --फॉरमॅट= --नेम-ओन्ली | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -आरएन | हेड -२०

वर्षभरात सगळ्यात जास्त वेळा बदललेल्या वीस फायली येतात. ही यादी लिझार्डच्या यादीशेजारी ठेवा. दोन्हीकडे वरच्या भागात आलेली नावं वेगळ्या कागदावर लिहा. आमची चार निघाली. एखाद्याच फंक्शनचा इतिहास हवा असेल तर 'गिट लॉग -एल :बिल_काढ:बिलिंग.पीवाय' (एल मोठ्या लिपीतलं). क्लासच्या आतल्या मेथडसाठी आधी गिटॲट्रिब्यूट्सच्या फायलीत पायथन फायलींना 'डिफ=पायथन' लावून ठेवावं लागतं, नाहीतर गिटला मेथड सापडत नाही.

या ताडून बघण्यातून एक गंमत कळली. माझ्या अंदाजानं करांचं गणित सगळ्यात जास्त बदलत असणार होतं. प्रत्यक्षात जास्त बदलत होतं पत्ता जुळवण्याचं फंक्शन. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं, हुबळीचं हुब्बळ्ळी, विजापूरचं विजयपुरा. पण गिऱ्हाइकं स्वतःच्या लेटरहेडवर काय वाट्टेल ते लिहितात. कोडमध्ये होतं असं:

जर गाव == "बेळगाव" किंवा गाव == "बेळगावी" किंवा गाव == "बेलगाम" किंवा गाव == "बेलगावी":

एका ओळीत चार गुण. दर दोन महिन्यांनी कुणीतरी नवं स्पेलिंग आणणार, एक 'किंवा' वाढणार, आणि असे गट अकरा गावांसाठी. इथे फंक्शन तोडण्याची गरजच नव्हती. सगळी रूपं एका तक्त्यात टाकली, डावीकडे लिहिलेलं नाव, उजवीकडे आपलं ठरलेलं नाव, आणि फंक्शन झालं दोन ओळींचं. सीसीएन ३८ वरून २. नवं स्पेलिंग आलं की आता हिशेबाच्या खिडकीतली मुलगीच तक्त्यात भर घालते, मला फोन येत नाही. माहिती कोडमध्ये 'इफ' बनून बसली असेल तर ती तक्त्यात हलवणं हा सगळ्यात स्वस्त इलाज, तो आधी शोधा.

मोडताना काय चुकलं

'बिल_काढ'च्या बाबतीत मी एवढी शहाणी नव्हते. आकडा उतरवायचा म्हणून २१२ ओळींचे सरळ वरून खाली पंधरा-पंधरा ओळींचे तुकडे पाडले: 'बिल_भाग_१', 'बिल_भाग_२', असे चौदा. प्रत्येकाचा सीसीएन १० च्या आत. मुलगा खूश: "अक्का, आकडा तर उतरला की!" उतरला खरा. पण प्रत्येक तुकड्याला तेच नऊ पॅरामीटर जात होते, आणि एखादी रक्कम कुठे बदलते हे बघायला आता चौदा ठिकाणी उड्या माराव्या लागत होत्या. त्या गोंधळात मालभाड्याची रक्कम करात धरायची राहिली. तीन बिलं तशीच गेली, मग सुधारून पाठवावी लागली. चूक पूर्णपणे माझी.

म्हणून वरच्या आज्ञेत '-ए ६' आहे. पॅरामीटर सहाच्या वर गेले की टूल बोंबलतं, आणि अशी नुसती कापाकापी तिथेच पकडली जाते.

दुसऱ्या वेळी नीट केलं. आधी मागच्या वर्षातली दोनशे खरी बिलं निवडली, जाणूनबुजून मिसळ: हुबळी, कोल्हापूर, चंदगड, पणजी, सेझ, जॉबवर्क, परत आलेला माल. जुन्या कोडनं त्यांचं जे उत्तर येतं ते जसंच्या तसं फायलीत साठवलं, चूक असलं तरी. मग एक बदल, दोनशे बिलं परत चालव, पैशापर्यंत जुळलं तर कमिट, म्हणजे गिटमध्ये बदलाची नोंद. मोडायची जागा ओळींच्या संख्येनं नाही, प्रश्नानं ठरवली: माल कुठल्या राज्यात जातोय, कुठला कर, ई-वे बिल लागतं का, छापायचं कसं. चार प्रश्न, चार फंक्शनं. 'ई_वे_लागतं_का' हे आता सात ओळींचं आहे आणि जॉबवर्कचा अपवाद पहिल्याच ओळीत बाहेर पडतो, आत-आत शिरत नाही. मुख्य फंक्शनचा सीसीएन ५७ वरून ८.

एक गोष्ट कुठल्याच टूलनं दाखवली नाही. आधीच्या दोघांपैकी एक कन्नड बोलणारा, एक मराठी. एकानं किमतीला 'बेले' म्हटलंय, दुसऱ्यानं 'भाव'. फंक्शनच्या वरच्या अर्ध्यात 'बेले', खालच्या अर्ध्यात 'भाव', मध्ये एका ओळीत एक दुसऱ्यात ओतलेला. सीसीएनला यातलं काही कळत नाही, पण माझा सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला.

परत फुगू नये म्हणून

वर्कशॉपमध्ये गो-नोगो गेज असतं. भाग आत गेला तर ठीक, नाही गेला तर बाजूला, चर्चा नाही. तसं गेज कोड पुश होताना, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक प्रतीत जाताना, लावायचं. अडचण एवढीच की बेचाळीस जुने मर्यादेबाहेर असताना गेज लावलं तर पहिल्याच दिवशी सगळं लाल होतं, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी तपासणीच बंद करतं.

त्यावर लिझार्डमध्ये सोय आहे: 'डॅश आय ४२'. बेचाळीसपर्यंत इशारे माफ, त्रेचाळिसावा आला की तपासणी नापास. हा आकडा सीआयच्या (पुश झाल्यावर आपोआप चालणाऱ्या तपासणीच्या) फायलीत ठेवा आणि एखादं फंक्शन दुरुस्त झालं की त्याच कमिटमध्ये एकानं उतरवा. वर चढवायचा झाला तर कारण कमिटच्या संदेशात लिहायचं, हा आमचा नियम. यात एक भोक आहे: एक जुनं सुधारलं आणि आकडा उतरवायचा राहिला, तर त्याच्या जागी एक नवं बिघडलेलं गुपचूप बसतं. सोनारक्यूब वापरत असाल तर हे भोक बुजतं, कारण तिथे नव्या कोडपुरती वेगळी अट लावता येते.

पायथनवाल्यांनी रोजच्या कामासाठी रफमधला 'सी९०१', म्हणजे वर सांगितलेला मॅककेबचा नियम, चालू करावा. मूळ मर्यादा १० आहे, ती ठेवा. सेव्ह केल्या केल्या संपादकात इशारा दिसतो, तोवर डोक्यात संदर्भ ताजा असतो. अपवाद करायचाच असेल तर त्या ओळीवर 'नोक्यूए: सी९०१' आणि शेजारी मराठीत एक वाक्य, का ते. आमच्याकडे असे तीन आहेत. त्यातला एक जीएसटी पोर्टलच्या फायलीतले स्तंभ वाचणारा, नुसता लांबलचक सपाट. तो तसाच राहील.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सीएसव्ही काढून जुन्याशेजारी ठेवते, पाच मिनिटं. गेल्या सोमवारी 'डॅश आय'चा आकडा १९ होता.